कॅसेटमधला आवाज आणि संगणकाचा निर्णय

कॅसेट म्हटलं की आपल्याला भावगीतं आठवतात, भजनं आठवतात. पण १९८०च्या दशकात कॅसेटवर संगणकाचे प्रोग्रामही येत. १९८६मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने 'स्पेक्ट्रम प्लस' हा ब्रिटिश संगणक परवाना घेऊन भारतात आणला. त्याच्या थोडं आधी, १९८४-८५पासून, 'क्लास' प्रकल्पातून शाळांमध्ये बीबीसी मायक्रो येऊ लागले होते. दोन्ही संगणक कॅसेटवरून प्रोग्राम घेऊ शकत. अशी एखादी कॅसेट दाभोळच्या खाऱ्या, दमट हवेत कपाटात पडून असेल, तर तिला बुरशी लागते. कदाचित ती एकदाच नीट वाजेल. मग ती आजच्या संगणकात उतरवायची कशी?

आधी टेपवर काय असतं ते पाहू. स्पेक्ट्रमच्या कॅसेटवर शून्य आणि एक यांतला फरक आवाजाच्या जोराचा नाही, वेळेचा आहे. शून्य म्हणजे साधारण अर्ध्या मिलिसेकंदाची लाट, एक म्हणजे साधारण एका मिलिसेकंदाची. सेकंदाला सरासरी दीड हजार बिट, म्हणून ४८ के भरायला चार-पाच मिनिटं लागत.

आता बरेच जण काय करतात, एक कंपॅरेटर चिप लावून या लाटांचे तिथल्या तिथे चौकोनी ठोके बनवतात. चालतं ते. पण टेप दमट असेल, आवाज मध्येच दबला, तर चिप चुकीचा निवाडा देते आणि मूळ लाट हातची जाते. म्हणून आपण निवाडा न करणारं जोडकाम करू. कॅसेट प्लेअरच्या इअरफोनच्या तारेत १० किलोओहमचा रोध घालायचा, त्याच्या पुढच्या टोकापासून ग्राउंडला १ किलोओहमचा. म्हणजे आवाज अकरा पटींनी उतरतो, माइकच्या खाचेला झेपतो. तिथून १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घालून यूएसबी साउंड कार्डात. झालं! कपॅसिटर कशाला? दाभोळच्या धक्क्यावर उभं राहून बघा, भरती-ओहोटीनं पातळी सावकाश बदलते, लाटा मात्र भराभर येतात. कपॅसिटर पातळी अडवतो, लाटा सोडतो.

आपल्या न्यायदर्शनात प्रत्यक्षाचे दोन प्रकार सांगतात. निर्विकल्पक म्हणजे नुसतं 'काहीतरी आहे' असं ग्रहण, आणि सविकल्पक म्हणजे 'हा घट आहे' असं ठरलेलं ज्ञान. आपली डब्ल्यूएव्ही फाइल पहिल्याच्या जवळची. (सेकंदाला ४४,१०० तुकडे पाडणं हाही विकल्पच, असं नैयायिक म्हणतील. म्हणू देत.) 'हे शून्य, हे एक' हे दुसरं ज्ञान, ते नंतर सॉफ्टवेअरनं करावं.

वाजवण्याआधी कॅसेटच्या मागच्या कडेचे प्लास्टिकचे कान तोडा, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होणार नाही. बुरशी दिसत असेल तर साफ केल्याशिवाय लावू नका. हेडशेजारच्या छोट्या स्क्रूनं हेडचा कल सुधारतो, पण तो दुसऱ्या एखाद्या फालतू कॅसेटवर आधी फिरवून शिका. डॉल्बी बंद. संगणकातला गोंगाट कमी करणारा पर्याय बंद. एमपी३ मुळीच नको.

प्रत्येक तुकड्याच्या शेवटी एक पडताळणीचा बाइट असतो. तो जुळला नाही तर चूक आहे एवढंच कळतं, कुठे ते नाही. अशा वेळी टेपला हात लावू नका. फाइल उघडा, अर्ध्या आणि एका मिलिसेकंदामधली सीमारेषा थोडी सरकवा आणि पुन्हा वाचून बघा.