सोबतीचा पास

घरातले माणूस दवाखान्यात दाखल झाले की आपल्याकडे पहिला प्रश्न निघतो तो 'रात्री सोबतीला कोण?' हा. डॉक्टर कोण, खर्च किती, हे प्रश्न त्यानंतरचे. साथीच्या दिवसांत मात्र हा प्रश्न दवाखान्याच्या फाटकाशीच अडतो. २०२० आणि २०२१ साली "कोणालाच आत सोडायचं नाही" हे वाक्य असंख्य घरांनी ऐकले. 'आजीला शेवटचं भेटू का दिलं नाही?' असे वर्गातल्या एखाद्या मुलाने विचारले, तर 'कारण करोना होता' एवढ्या उत्तराने त्याचे समाधान होणार नाही, आणि होऊही नये. त्या नियमात विज्ञान किती होते आणि धास्ती किती, हे आपण थोडे उकलून पाहू.

धास्ती निराधार नव्हती, हे आधी मान्य केले पाहिजे. दक्षिण कोरियात २०१५ साली मर्स या विषाणूची साथ आली. मध्यपूर्वेतून परतलेल्या एका प्रवाशापासून ती सुरू झाली आणि १८६ जणांना लागण होऊन ३८ जण दगावले. ही साथ गावात किंवा बाजारात जवळजवळ पसरलीच नाही, ती पसरली रुग्णालयांत. कोरियातही आपल्यासारखेच नातेवाईक खाटेजवळ मुक्काम करून शुश्रूषा करतात. सोलमधल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या गजबजलेल्या तातडीच्या विभागात मे महिन्याच्या अखेरीस एक खोकणारा रुग्ण तीन दिवस होता. त्याला मर्स आहे हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. त्या एकट्यापासून ८२ जणांना लागण झाली. त्यांत ३३ रुग्ण, ८ रुग्णालयाचे कर्मचारी आणि तब्बल ४१ जण सोबतीला किंवा भेटायला आलेले होते!

पण याच घटनेच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि ती आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. तातडीच्या विभागातले जे इतर रुग्ण त्याच्याच भागात होते, त्यांच्यापैकी २० टक्क्यांना लागण झाली. नोंदणीच्या किंवा क्ष-किरणांच्या जागी ज्यांचा त्याच्याशी थोडाच वेळ संबंध आला, त्यांच्यात हे प्रमाण ५ टक्के होते आणि दुसऱ्या भागांत असलेल्यांमध्ये केवळ १ टक्का. म्हणजे 'दवाखान्यात असणे' हा धोका सर्वांना सारखा नव्हता. कोण कोणाच्या किती जवळ आणि किती वेळ होते, यावर तो ठरत होता. नियम करायचा तर तो या दोन गोष्टींवर करायला हवा.

आता थोडे गणित, दहावीची मुले सहज करतील असे. समजा, गावात शंभरात एक माणूस नकळत विषाणू बाळगून आहे. २० खाटांच्या वॉर्डात प्रत्येक रुग्णाजवळ एकच ठरलेली व्यक्ती राहिली, तर बाहेरून २० माणसे येतात. त्यांतले एकही बाधित नसण्याची शक्यता ०.९९ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ०.८२. निदान एक तरी बाधित असण्याची शक्यता १८ टक्के. आता आपल्या रीतीप्रमाणे सकाळी मुलगा, दुपारी सून, रात्री भाचा आणि संध्याकाळी डबा घेऊन आलेले दोघे अशी खाटेमागे पाच माणसे धरा. माणसे झाली १०० आणि शक्यता गेली ६३ टक्क्यांवर. (एका घरातली माणसे एकदमच बाधित होतात, त्यामुळे खरा आकडा याहून कमी भरेल, पण दिशा बदलत नाही.) भेटायला येणारे आणि सोबतीला राहणारे यांत फरक आहे, तो इथे दिसतो. शिवाय सोबतीची व्यक्ती बहुधा घरातलीच असते. रुग्ण दाखल होण्यापूर्वी ती त्याच्याजवळच वावरलेली असते. तिला बाहेर ठेवून तिचा स्वतःचा धोका फारसा कमी होत नाही. खरा धोका आहे तो तिच्यापासून इतर खाटांना.

मग सरसकट बंदीत गमावले काय? याची मोजमापे प्रसूतीच्या बाबतीत उत्तम उपलब्ध आहेत. १७ देशांतल्या १५ हजारांवर स्त्रियांच्या २६ चाचण्या २०१७ साली एकत्र करून तपासल्या गेल्या. कळांच्या काळात सतत कोणीतरी जवळ असले, तर शस्त्रक्रियेने होणाऱ्या प्रसूती घटतात, कळांचा काळ थोडा कमी होतो आणि त्या अनुभवाची कटू आठवणही कमी राहते, असे त्यातून दिसले. भारत सरकारने २०१६ सालीच सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यास मान्यता दिली होती. २०२० च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या काही रुग्णालयांनी बाळंतिणीच्या नवऱ्यालाही मज्जाव केला, तेव्हा आठवड्याभरात राज्य सरकारला तो हुकूम फिरवावा लागला. स्त्रीला करोना असला तरी तिच्या पसंतीची एक व्यक्ती जवळ असावी, असेच जागतिक आरोग्य संघटनेनेही त्या वर्षी सांगितले.

करोनाहून कितीतरी घातक अशा इबोलाच्या साथीतही वाट निघाली. काँगोमध्ये २०१८ साली पारदर्शक भिंतींच्या खोल्या वापरल्या गेल्या. नातेवाईक भिंतीबाहेर बसून रुग्णाला पाहत, त्याच्याशी बोलत. आईवडिलांपासून तुटलेल्या लहान मुलांना सांभाळायला इबोलातून बऱ्या झालेल्या बायका नेमल्या गेल्या, कारण त्यांच्या शरीरात प्रतिकारशक्ती तयार झालेली होती. गोवराच्या वॉर्डात गोवर होऊन गेलेली आई निर्धास्त बसू शकते, तेच हे तत्त्व.

कोरियाने मर्सनंतर आणखी एक मार्ग विस्तारला. नातेवाइकांऐवजी परिचारिकांनीच सगळी शुश्रूषा करायची. त्यासाठी परिचारिका पुरेशा लागतात. आपल्या सरकारी रुग्णालयांत स्ट्रेचर ढकलणे, औषध आणणे, रक्ताचा नमुना पोचवणे, बेडपॅन देणे ही कामे बहुतेक वेळा सोबतीचा माणूसच करतो. त्याला बाहेर काढले की ही कामे कोण करणार, याचे उत्तर नियमाच्या कागदावर नसते.

म्हणून पास एकाच व्यक्तीचा, आणि मुक्कामभर तीच व्यक्ती. तिला ताप-खोकला असेल तर दुसरी. क्षय किंवा गोवर यांसारख्या हवेतून पसरणाऱ्या रोगात रुग्णाला साधा मास्क, सोबतीला एन-९५ आणि खिडक्या उघड्या. जुलाबाच्या साथीत मास्कचा उपयोग नाही, साबणाचा आहे. डबा फाटकाशीच घ्यायचा. सर्वांत अवघड आहे ते शेजारधर्म आवरणे. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला पाणी पाजणे, त्याची उशी नीट करणे, आपल्या डब्यातली पोळी त्याला देणे, हे आपल्या वॉर्डांतले नेहमीचे दृश्य आहे, आणि एका खाटेवरचा जंतू दुसऱ्या खाटेवर जाण्याची ती सर्वांत जवळची वाट आहे. तिथे हाक मारून सिस्टरला बोलवावे, आणि सिस्टर यायला वेळ लागलाच तर हात धुऊन पाणी द्यावे व परत येऊन पुन्हा हात धुवावेत.