फोनवरील शिकवणीतून विक्रीचा माल

आपल्या कारागिरांजवळ एक भांडवल असे आहे की ज्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. ते म्हणजे हुनर. परगावच्या माणसाने फोन केला तर उस्ताद त्याला अर्धा तास समजावून सांगतात आणि दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच माणसाला तेच पुन्हा सांगतात. मोबदला मात्र दुवांखेरीज काही नाही.

अमेरिकेत अशा बोलण्याचा माल करण्याची रीत जुनी आहे. अर्ल नाइटिंगेल या रेडिओ निवेदकाने आपल्या गैरहजेरीत विमा एजन्सीच्या विक्रेत्यांना ऐकवण्यासाठी एक भाषण मुद्रित केले होते. १९५६ साली त्याची तबकडी निघाली आणि तिच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. पुढे १९९२ मध्ये थॉमस लिओनार्ड यांनी ‘कोच युनिव्हर्सिटी’ काढली. तिचे वर्ग टेलिफोनवरच भरत. शहरोशहरीचे विद्यार्थी एकाच क्रमांकावर जोडले जात. अशा वर्गांच्या कॅसेट, सीडी आणि लेखी प्रती विकण्याचा धंदा तेथे चांगला चालला.

आपल्याकडे आता मोबाइलवरच वर्ग भरतो आणि मुद्रितही होतो. पण तासाभराचे कच्चे मुद्रण कोणी पैसे देऊन घेणार नाही. शिलाई मशीन दुरुस्त करणारे एखादे मिस्त्री घ्या. आठ-दहा टेलरांना फोनवर जोडले की ‘टाका का सुटतो?’ हा प्रश्न चौघे चार तऱ्हांनी विचारतील. मिस्त्रींना मशीन दिसत नाही, म्हणून ते क्रमाने विचारतात. सुई वाकली किंवा बोथट झाली आहे का? ती पूर्ण वर चढवली आहे का? दोऱ्याच्या जाडीला लहान पडते का? मग शटलकडे वळतात. दुकानात हा क्रम हातानेच उरकतो, तोंडावाटे कधी येत नाही. फोनमुळे तो बोलून दाखवावा लागतो, आणि विकण्याजोगा माल तोच.

मिनिटाला १२० शब्द धरले तर तासाला ७,२०० शब्द होतात. सलाम-दुवा, तुटलेली लाइन आणि पुनरुक्ती वगळून निम्मे उरले तरी खिशातली पुस्तिका होते. आवाजाचे पाच-सात मिनिटांचे तुकडे करावेत आणि प्रत्येकाला एकेका बिघाडाचे नाव द्यावे. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात मशीन अडलेला टेलर तासभर ऐकत बसणार नाही. जरीकाम किंवा रफू यांसारखी डोळ्यांनी शिकायची कामे मात्र नुसत्या आवाजावर विकू नयेत.

कायद्याची बाजू महत्त्वाची आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने नट, गायक, गारुडी यांच्याबरोबर व्याख्यान देणाऱ्यालाही कलावंताचे हक्क दिले आहेत. त्याच्या संमतीवाचून मुद्रण करून विकता येत नाही. पण मुद्रणाची मालकी सामान्यतः ते पुढाकाराने व जबाबदारीने करून घेणाऱ्याकडे जाते. भाच्याने किंवा एखाद्या संस्थेने व्यवस्था केली, तर संमती देऊन बसलेले उस्ताद रिकाम्या हाताने राहू शकतात. म्हणून खर्च कोणाचा, विक्री कोणाची, वाटा किती, हे आधीच कागदावर यावे. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आहे. येथेही तोच शिरस्ता पाळण्यास हरकत नसावी. मुद्रण होत आहे हे वर्गाच्या सुरुवातीलाच सर्वांना सांगावे. ज्याची राजी नसेल त्याचा प्रश्न उस्तादांनी आपल्या आवाजात वाचावा.

जाहिरातीत ‘महिन्यात मिस्त्री व्हा’ असे लिहू नये. कापडाचा ऐब लपवणे जसे नाजायज, तसेच हेही. कोणते बिघाड आहेत आणि कोणते नाहीत, ते स्पष्ट छापावे.

आवाजाची फाइल एकाकडून दहांकडे फुकट जाते, ही खरी अडचण. त्यावर एक तोड आहे. छापील पुस्तिकेबरोबरच आवाज द्यावा आणि प्रत्येक खरेदीदाराला एकदा फोन करून शंका विचारण्याची मुभा ठेवावी. त्या फोनवर येणारे नवे प्रश्न वहीत टिपून ठेवावेत. पुढच्या आवृत्तीची पाने त्यातूनच भरतील.