दुर्बिणीतून कर्करोगाशी सामना : डॉ. शैलेश पुणतांबेकर

कर्करोगाचे निदान हाती पडले की भुसावळच्या व्यापारी कुटुंबात पहिला प्रश्न गाडीचा निघतो. मुंबईला टाटा रुग्णालयात जावे की मनमाड-दौंडमार्गे पुणे गाठावे? त्यापाठोपाठ हल्ली आणखी एक प्रश्न हमखास येतो : पोट उघडून शस्त्रक्रिया करावी की दुर्बिणीतून? चार लहान छिद्रे आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी घर, हे ऐकून मन तिकडेच झुकते. हा पर्याय मराठी मुलखात रुजविणाऱ्यांत पुण्याच्या गॅलेक्सी केअर रुग्णालयाचे कर्करोग शल्यविशारद डॉ. शैलेश पुणतांबेकर यांचे नाव ठळक आहे.

दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १९८५ साली जर्मनीत एरिक म्यूहे यांनी केली. भारतात ती १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमतन उदवाडिया यांनी करून दाखविली. परंतु पित्ताशयातील खडे वेगळे आणि कर्करोग वेगळा. कर्करोगात नुसती गाठ काढून भागत नाही. तिच्याभोवतीची निरोगी कड आणि लसिकाग्रंथीही काढाव्या लागतात, आणि एकही पेशी पोटात सांडू द्यायची नसते. छिद्रांच्या जागीच रोग पुन्हा उगवल्याची उदाहरणे सुरुवातीच्या काळात नोंदली गेली होती, म्हणून जगभरचे शल्यविशारद बिचकत होते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाबाबतची शंका २००४ साली ८७२ रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासाने बरीचशी फिटली. दोन्ही पद्धतींत रोग उलटण्याचे प्रमाण जवळजवळ सारखे निघाले.

डॉ. पुणतांबेकरांनी त्याहून अवघड भाग निवडला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात गर्भाशयाबरोबर आजूबाजूच्या ऊती काढाव्या लागतात आणि मूत्रवाहिनी अगदी लगटून जाते. ही शस्त्रक्रिया दुर्बिणीतून करण्याची क्रमवार रीत त्यांनी बसविली आणि २००७ साली २४८ रुग्णांचा अनुभव आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडला. वैद्यकीय साहित्यात ती रीत ‘पुणे तंत्र’ या नावाने ओळखली जाते. एखाद्या शहराचे नाव शस्त्रक्रियेला लाभावे, हा मान लहान नव्हे.

ही विद्या पुस्तकातून येत नाही. पोटात वायू भरून जागा केली जाते. कॅमेऱ्याने पाठविलेले चित्र पडद्यावर सपाट दिसते, त्यामुळे खोलीचा अंदाज डोळ्यांना नव्याने शिकवावा लागतो. छिद्र टेकूसारखे काम करते, म्हणून हात उजवीकडे नेला की हत्याराचे टोक डावीकडे जाते. बोटांना ऊतीचा स्पर्श तर नसतोच. याकरिता शिकणाऱ्याने आधी पेटीतल्या सरावावर टाके घालावेत, मग जाणत्याच्या शेजारी उभे राहून कॅमेरा धरावा, आणि पुष्कळ पुढे स्वतः हत्यार उचलावे. आपल्या पेढ्यांवर मुलाला गल्ल्यावर बसविण्यापूर्वी जी उमेदवारी करविली जाते, तिचीच ही जात. आपली रीत इतर शल्यविशारदांना शिकविणे, हा डॉ. पुणतांबेकरांच्या कार्याचा शस्त्रक्रियेइतकाच मोठा भाग आहे.

या कौशल्याची वेगळीच कसोटी मे २०१७ मध्ये लागली. आईचे गर्भाशय दुर्बिणीतून काढून मुलीला बसविण्याची भारतातील पहिली शस्त्रक्रिया त्यांच्या चमूने पुण्यात केली. ऑक्टोबर २०१८ मध्ये अशाच एका प्रत्यारोपित गर्भाशयातून कन्या जन्मली. वजन अवघे सुमारे दीड किलो. देशभर कौतुक झाले, आणि ते योग्यच होते.

मात्र खतावणी दोन्ही बाजूंनी वाचावी लागते. त्याच सुमारास अमेरिकेतील एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात ६३१ स्त्रियांचा बहुराष्ट्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. गर्भाशयमुखाच्या प्राथमिक अवस्थेतील कर्करोगात तीन वर्षांनंतर पोट उघडून शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ९९ टक्के हयात होत्या. दुर्बिणीने वा यंत्रमानवाच्या साहाय्याने झालेल्यांपैकी ९३.८ टक्के. ज्या शस्त्रक्रियेने पुण्याचे नाव जगात नेले, तिच्याविषयीच हा निष्कर्ष होता. पेशी सांडतात का, गर्भाशय हलविणाऱ्या उपकरणाचा दोष आहे का, की शल्यविशारदाच्या अनुभवाचा, यावर वाद झडले. परंतु या एका कर्करोगापुरती उघडी शस्त्रक्रियाच पुन्हा प्रमाण मानली जाऊ लागली.

गंमत अशी की गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगात चित्र वेगळे आहे. तेथे २६०० हून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात पाच वर्षांनी दोन्ही गटांत हयात असलेल्यांचे प्रमाण ८९.८ टक्के, अगदी समान. अवयव तोच, रोगाची जागा काही सेंटिमीटर इकडेतिकडे, आणि सल्ला उलट. म्हणून पुण्या-मुंबईची गाडी धरण्यापूर्वी अहवालावरील रोगाची नेमकी जागा आणि अवस्था नीट वाचून घ्यावी. डॉक्टरांसमोर बसल्यावर टाके किती पडतील हे नंतर विचारावे. आधी विचारावे की हीच शस्त्रक्रिया त्यांनी किती वेळा केली आहे, आणि पाच वर्षांपूर्वीचे त्यांचे रुग्ण आज कसे आहेत.