पत्ता विचारायचा कुणाला?

संगणकावर एखाद्या संकेतस्थळाचं नाव टाइप केलं, की क्षणात पान उघडतं. पण गंमत अशी, की त्या नावावरून संगणकाला तिथं पोहोचताच येत नाही! त्याला हवा असतो आकड्यांचा पत्ता. तो शोधून आणतो 'रिझॉल्व्हर' नावाचा प्रोग्राम.

समजा, नावाच्या शेवटी 'डॉट इन' आहे. रिझॉल्व्हर आधी 'रूट सर्व्हर'ला गाठतो. तो म्हणतो, "डॉट इनवाल्यांना विचार." ते म्हणतात, "त्या संस्थेच्याच सर्व्हरला विचार." शेवटी पत्ता मिळाला, की आपला पठ्ठ्या तो काही काळ लक्षात ठेवतो. पुन्हा हेलपाटा नको ना!

खरी मेख इथंच आहे. खऱ्या उत्तराआधीच कुणी लबाडानं खोटं उत्तर पाठवलं तर? प्रत्येक प्रश्नाला एक क्रमांक असतो, पण तो ६५,५३६ पैकी एक. माणसाला हा आकडा मोठा वाटतो, संगणकाला मुळीच नाही. असं फसवणं किती सोपं आहे, हे २००८ साली डॅन कामिन्स्की यांनी दाखवून दिलं आणि जगभर धावपळ उडाली. बँकेचं नाव टाइप करावं आणि पोहोचावं चोराच्या दारात, म्हणजे पाहा!

म्हणूनच रिझॉल्व्हर निवडणं ही जोखमीची गोष्ट. 'फ्रीबीएसडी' ही मुक्त संगणक प्रणाली; तिचा कोड कुणीही वाचावा, सुधारावा. तिच्यात वर्षानुवर्षं 'बाइंड' नावाचा प्रोग्राम होता. १९८० च्या दशकात तो अमेरिकेत बर्कलेच्या विद्यार्थ्यांनी लिहिला. फ्रीबीएसडीचं मूळही त्याच विद्यापीठातलं, म्हणजे दोघं एकाच घरचे! पण बाइंड दोन कामं करी. दुसऱ्यांकडून पत्ते शोधून आणायचे आणि आपल्याकडच्या नावांचे पत्ते जगाला सांगायचे. साहजिकच पसारा मोठा. त्यात भोक सापडलं, की फ्रीबीएसडीला ठिगळ लावावं लागे. घरच्या संगणकाला मात्र पहिलंच काम पुरे असतं.

अखेर जानेवारी २०१४ मध्ये फ्रीबीएसडी १०.० आली, ती मूळ संचातून बाइंड काढूनच. त्याची जागा घेतली 'अनबाउंड'नं. हा नेदरलँड्समधल्या एनएलनेट लॅब्जचा. मुख्य काम शोधून आणण्याचं, आणि उत्तरावरची डिजिटल सही तपासण्याचीही सोय.

जुन्या सोबत्याला कायमची बंदी नव्हती बरं का! हवा त्यानं बाइंड वेगळा घ्यावा. पंचाईत झाली ती जुन्या मंडळींच्या बोटांची. बाइंडबरोबर 'डिग' ही आज्ञाही गेली आणि तिच्या जागी आली 'ड्रिल'!