चांदीकामाच्या घरात बाळाची जागा

हुपरीचे पैंजण देशभर जातात. पण हातकणंगले तालुक्यातल्या या गावात चांदीचा धंदा फक्त कारखान्यात चालत नाही, तो घराघरात चालतो. कुठे कड्या जोडल्या जातात, कुठे घुंगरू बसवले जातात, कुठे डाग देऊन झाळण्याचे किंवा पॉलिशचे काम होते. जिथे स्वयंपाक तिथेच झोप आणि तिथेच काम, अशी दीड-दोन खोल्यांची घरे. अशा घरात बाळ येणार असेल तर त्याला ठेवायचे कुठे, हा प्रश्न पाळणा कोणता घ्यायचा यापेक्षा मोठा आहे.

जाहिरातीत बाळाची वेगळी रंगवलेली खोली दिसते. नवजात बाळाला त्यातले काहीच लागत नाही. त्याला लागते एका अंथरुणाएवढी जागा. ती कोरडी आणि उबदार असावी, तिथे धूर आणि तेजाबाची वाफ नसावी, आणि ती आईच्या हाताच्या अंतरावर असावी. ही जागा घरातल्या कामाची मांडणी बदलून तयार होते. बाळंतपणानंतर धावपळीत ते जमत नाही. म्हणून सातवा महिना लागला की घरातल्या पुरुषांनी ही जबाबदारी अंगावर घ्यावी.

रमाईच्या घरातले दुःख

बाबासाहेब आणि माता रमाई यांना पाच अपत्ये झाली. त्यांपैकी गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लहानपणीच गेली. एकटे यशवंतराव वाचले. राजरत्न गेला तो जुलै 1926 मध्ये. मुंबईच्या चाळीतल्या अपुऱ्या जागेत आणि ओढगस्तीत रमाईने संसार केला. आज लस आहे, दवाखाना आहे, घरी येणारी आशाताई आहे. रमाईला जे मिळाले नाही ते आपल्या सुनेला, लेकीला मिळते आहे. ते वापरणे आपल्या हातात आहे.

आधी काम हलवा

नवजात बाळ मिनिटाला 40 ते 60 वेळा श्वास घेते. मोठा माणूस 12 ते 20 वेळा. म्हणजे खोलीतली खराब हवा बाळाच्या कोवळ्या फुफ्फुसात वजनाच्या मानाने कितीतरी जास्त जाते. झाळण्याच्या काही डागात कॅडमियम असते. तापल्यावर त्याची वाफ होते आणि ती फुफ्फुसाला व मूत्रपिंडाला इजा करते. नायट्रिक तेजाबात धातू टाकला की तपकिरी वाफ निघते, तीही फुफ्फुस जाळते. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात.

आटणी, झाळणे, तेजाब आणि पॉलिश ही चार कामे बाळ-बाळंतीण असलेल्या खोलीत अजिबात करू नयेत. मध्ये पडदा लावून भागत नाही, वाफ पडद्याला जुमानत नाही. मागच्या अंगणात पत्र्याची पडवी काढता येईल, किंवा शेजारच्या तीन-चार घरांनी मिळून एक उघडी शेड वापरता येईल. गरोदर बाईनेही या चार कामांपासून लांबच राहावे.

कड्या जोडण्यासारखे बिनआगीचे काम घरात करावेच लागत असेल, तर ते बाळाच्या अंथरुणापासून लांबच्या कोपऱ्यात करावे. काम संपल्यावर केरसुणीने झाडू नये, बारीक कीस हवेत उडतो. ओल्या फडक्याने जमीन पुसावी. फडके बादलीत पिळले की कीस तळाला बसतो, चांदी वाया जात नाही.

कामावरून आलेल्या माणसाने आधी कपडे बदलावेत, कोपरापर्यंत साबणाने हात धुवावेत आणि मगच बाळाला घ्यावे. कामाचे कपडे आणि बाळाची दुपटी एकत्र धुऊ नयेत. तेजाब पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही भरू नये. बाळ लहान आहे, पण घरातले चार वर्षांचे भावंड ती बाटली तोंडाला लावते.

अंथरूण कसे असावे

बाळाला दिवसा आणि रात्री, प्रत्येक वेळी पाठीवरच झोपवावे. अंथरूण सपाट आणि घट्ट असावे. घडी घातलेली जुनी गोधडी आणि वर ताणून घातलेले सुती कापड एवढे पुरे. मऊ गादी, उशी, लोड, कापसाची खेळणी बाळाजवळ ठेवू नयेत, त्यांत नाक दाबले जाते. डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी देण्याची पद्धत आहे. तिची गरज नाही. जागेपणी आपल्या डोळ्यांदेखत थोडा वेळ पालथे ठेवले आणि झोपवताना मान कधी एका तर कधी दुसऱ्या बाजूला केली की डोक्याला आकार आपोआप येतो.

बाळ आईच्या खोलीतच, पण स्वतःच्या वेगळ्या अंथरुणावर असावे. जागा फार कमी असेल तर आईच्या एका बाजूला बाळाचे छोटे अंथरूण घालावे आणि मोठी भावंडे दुसऱ्या बाजूला झोपवावीत. दारू घेतलेल्या माणसाने बाळाशेजारी झोपू नये. झोपेच्या गुंगीत अंग पडून बाळ गुदमरते. पंचशीलातले पाचवे शील बाळाच्या अंथरुणाजवळ असे थेट जिवाशी येते.

साडीची झोळी आपल्याकडे सर्रास असते. रडणारे बाळ तिच्यात शांत होते, हे खरे. पण झोळीत पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. कुणीतरी पाहत असताना थोडा वेळ झोळी चालेल, रात्रभराच्या झोपेसाठी नको. पाळणा असेल तर त्याच्या दोन गजांमधले अंतर 6 सेंटीमीटरपेक्षा जास्त नसावे. पाळण्यावर लांब दोऱ्या लोंबत ठेवू नयेत.

फिनलंड देशाने 1938 पासून गरीब मातांना बाळाच्या कपड्यांनी भरलेले पुठ्ठ्याचे खोके द्यायला सुरुवात केली. खोक्याच्या तळाशी छोटी गादी असे आणि कित्येक बाळे त्या खोक्यातच झोपली. चांगली जागा महागच असावी लागते असे नाही.

अंथरूण घालण्यापूर्वी एकदा वर पाहावे. फळीवरची ट्रंक, वजने, भिंतीवरची मोठी तसबीर, पंख्याची लोंबती वायर यांच्या खाली बाळ नको.

ऊब हवी, धूर नको

बाळंतिणीची खोली बंद करून, खाली शेगडी ठेवून शेपा-ओव्याची धुरी देण्याची चाल अजून आहे. धुरामुळे ऊब कमी आणि खोकला जास्त मिळतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर जीवघेणी ठरू शकते, कारण तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. ऊब द्यायची असेल तर टोपडे, पायमोजे आणि कोरडे सुती कपडे घालावेत. बाळाच्या पोटाला आणि पायाला हात लावून पाहावे. दोन्ही कोमट असतील तर ठीक. पोट कोमट आणि पाय गार असतील तर ऊब कमी पडते आहे. मान-पाठीला घाम असेल तर एक कपडा काढावा. पत्र्याच्या घरात चैत्र-वैशाखात बाळाला गुंडाळून ठेवणेही चूकच. पत्र्याला वरून चुना मारला तर घर थोडे थंड राहते.

अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला सर्वांत चांगली ऊब आईच्या छातीची. लंगोट व टोपडे ठेवून बाळ आईच्या उघड्या छातीशी उभे धरावे आणि वरून साडी किंवा शाल बांधावी. आई थकली की बाबांनी, आजीनेही असे घ्यावे. त्यात कमीपणा नाही.

डासांसाठी कॉइल लावू नये. छत्रीसारखी उघडणारी छोटी मच्छरदाणी बाजारात मिळते, ती घ्यावी. घरात बाळ आहे तोवर वंदनेला फूल आणि मेणबत्ती पुरे, उदबत्ती दाराबाहेर लावावी. मेणबत्ती मच्छरदाणीपासून लांब ठेवावी. बिडी-सिगारेट घरात नको. गरोदरपणात मशेरी लावली तर बाळाचे वजन कमी भरते. आजीने सुनेला हे सांगताना स्वतःचीही मशेरी सोडली तर शब्दाला वजन येईल.

वाळे नंतर, चीक आधी

चांदीच्या गावात बाळाच्या पायात वाळे आणि घुंगरू घालण्याची हौस मोठी. पण सुटलेला घुंगरू तोंडात गेला तर घशात अडकतो. गळ्यातला दोरा आवळला जातो. सहा महिने तरी गळा रिकामा ठेवावा आणि घुंगरू नकोत. डोळ्यांत काजळ, नाळेवर हळद किंवा राख घालू नये, नाळ कोरडी ठेवली की आपोआप पडते. जन्मल्यावर तासाभरात आईचा पिवळसर चीक बाळाला द्यावा. सहा महिने फक्त आईचे दूध, घुटी नाही, पाणीही नाही. मध तर वर्षभर नको.

पाचवीच्या रात्री सटवाई येऊन बाळाचे नशीब लिहिते, अशी समजूत आहे. धम्म स्वीकारलेल्या घरांनी तिची वाट पाहणे सोडले. मात्र तिसऱ्या आणि सातव्या दिवशी दारात येणाऱ्या आशाताईची वाट जरूर पाहावी. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे ती 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी येते. घरी जन्म झाला असेल तर पहिल्या दिवशीही येते. ती वजन करते, ताप पाहते, श्वास मोजते. या भेटींचे मूळ आपल्या महाराष्ट्रातलेच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत बायकांना शिकवून नवजात बाळांची घरीच काळजी घेतली. तुलनेतल्या गावांपेक्षा तिथले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाल्याचे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ती घरेही झोपड्याच होत्या.

पुढीलपैकी एकही खूण दिसली तर आशाताईच्या फेरीची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठावा:

- बाळ दूध ओढत नाही किंवा ओढणे एकदम कमी झाले
- श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाते
- अंग तापले किंवा गार पडले
- बाळ मलूल आहे, हलवले तरी हालचाल नाही
- झटके येतात
- पहिल्याच दिवशी कावीळ, किंवा तळहात-तळपाय पिवळे
- नाळेतून पू, भोवती लाली

माता-बाळासाठी 102 आणि तातडीसाठी 108 क्रमांकावर गाडी मिळते. सरकारी दवाखान्यात आजारी बाळाचे उपचार वर्षभर मोफत आहेत. गंभीर बाळाला कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे सीपीआरमध्ये नेता येते. जाताना बाळ आईच्या छातीशीच ठेवावे, वाटेत गार पडू देऊ नये.

आईच्या विसाव्याची जागा

बाळाच्या कोपऱ्यात आईलाही पाठ टेकता आली पाहिजे. 1928 साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे देशाच्याच हिताचे आहे, अशी भूमिका घेऊन बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. 1929 मध्ये तो कायदा झाला. पण घरी बसून वजनावर मजुरीचे काम करणाऱ्या बाईला मालक रजा देत नाही. तिच्या घरानेच ती रजा द्यायची असते. पात्र मातेला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये, आणि दुसरी मुलगी झाली तर 6,000 रुपये मिळतात. नोंदणी आशाताई किंवा अंगणवाडीताईंकडे वेळेत करावी आणि ते पैसे बारशाच्या मंडपात न घालवता त्या काळात बुडणाऱ्या मजुरीसाठी राखून ठेवावेत.

निदान सहा आठवडे सुनेच्या हातात पैंजणाची कडी देऊ नये. तिच्या वाटणीचे काम नवऱ्याने, दिराने, नणंदेने वाटून घ्यावे. वस्तीतल्या महिला मंडळाने विहारात महिन्यातून एक बैठक घ्यावी. कुणाच्या घरी सातवा महिना आहे ते विचारावे, तिथे जाऊन जागा पाहावी, आणि तेजाबाच्या बाटल्या हलवायला चार हात द्यावेत.