ऑक्टोबरमध्ये शेवंतीचा ठोंब फोडायचा का? मलकापूरच्या अंगणासाठी उत्तर वेगळं आहे

ऑक्टोबर आला की बागकामाच्या रील्सचा एक ठरलेला विषय असतो. गर्दी झालेलं झाड मातीतून उपटायचं, मुळांसकट त्याचे तीन-चार तुकडे करायचे आणि वेगवेगळ्या जागी लावायचे. एका झाडाची चार झाडं, तीही फुकटात! या रील्स बहुतेक ब्रिटन-अमेरिकेतल्या असतात आणि त्यांतला सल्ला चुकीचाही नसतो. पण तोच सल्ला बुलडाणा जिल्ह्यातल्या मलकापूरमध्ये जसाच्या तसा वापरला, तर आजीने जपलेली शेवंती ऐन कळ्यांच्या दिवसांत मान टाकू शकते.

असं का होतं, ते समजून घेऊया.

मुळात झाड फोडायचंच कशाला?

शेवंती, निशिगंध, कर्दळ, गवती चहा ही बहुवर्षायू झाडं आहेत. ती दरवर्षी बुडाशी नवे फुटवे किंवा कंद धरतात. दोन-तीन वर्षांत तिथे इतकी गर्दी होते की पाणी आणि खत सगळ्यांना पुरत नाही. मधला भाग जुना होतो आणि फुलं लहान होत जातात. अशा वेळी ठोंब फोडला की प्रत्येक तुकड्याला मोकळी जागा मिळते.

मग तिकडे हे काम ऑक्टोबरमध्ये का करतात?

झाड उपटताना पाणी शोषणारी बारीक मुळं तुटतात. पानांतून मात्र पाणी उडतच राहतं. त्यामुळे नवी मुळं फुटेपर्यंत झाडाला सौम्य हवामान लागतं. थंड देशांत शरद ऋतूत हवा गार झालेली असते, पण जमीन अजून उबदार असते. जमीन गोठायच्या आत मुळांना चार ते सहा आठवडे मिळतात.

मलकापूरमध्ये काय वेगळं आहे?

विदर्भातून मान्सून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघारी जातो. ढग हटतात, ऊन थेट लागतं आणि 'ऑक्टोबर हीट' सुरू होते. दुपारी पारा ३३-३५ अंशांपर्यंत चढतो. म्हणजे झाडाला गारवा हवा असतो, नेमका तेव्हाच उकाडा असतो.

दुसरा मुद्दा मातीचा. मलकापूर पूर्णेच्या खोऱ्यात येतं. इथली काळी कपाशीची माती ओली असताना फुगते, चिकटते आणि वाळली की आकसते. पाऊस थांबल्यावर तिला भेगा पडतात आणि त्या भेगांत नाजूक नवी मुळं तुटतात.

तिसरा मुद्दा खुद्द शेवंतीचा. दिवस लहान आणि रात्र मोठी व्हायला लागली की शेवंती कळ्या धरते. सप्टेंबरअखेरनंतर तिची सगळी ताकद फुलांकडे वळलेली असते. तेव्हा तिला उपटलं तर हंगाम गेलाच म्हणून समजा. गंमत म्हणजे थंड देशांतले जाणकार माळीसुद्धा शेवंती शरदात फोडत नाहीत, वसंतात फोडतात. शरदात फुलणारं झाड शरदात हलवायचं नाही, हा नियम तिकडचाच आहे.

मग कोणतं झाड कधी?

शेवंती: बहर संपल्यावर, साधारण फेब्रुवारीत. फांद्या जमिनीपासून बोटभर उंचीवर छाटा. बुडाशी जी पिल्लं फुटतात, त्यांना शेतकरी 'काश्या' म्हणतात. त्या मुळांसकट वेगळ्या करून कुंडीत लावा. इथल्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे कुंड्या पावसापर्यंत सावलीत ठेवा.

निशिगंध: एप्रिल-मेमध्ये कंद काढा, काही दिवस सावलीत सुकवा आणि त्यातले मोठे, भरीव कंद लावा. एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही, त्याच्या बाजूची पिल्लं फुलतात. पाणी साचणारी जागा टाळा.

कर्दळ आणि गवती चहा: जून-जुलै, म्हणजे पावसाची सुरुवात. कर्दळीच्या प्रत्येक तुकड्यावर किमान एक-दोन डोळे हवेत.

आणि ऑक्टोबर हुकवायचा नसेल तर?

उकाडा ओसरून रात्री गार व्हायला लागल्या की एक छोटी संधी मिळते. ती साधारण दिवाळीच्या आसपास येते. फुलावर नसलेली गवती चहा, कोरफड, स्नेक प्लांट यांसारखी झाडं तेव्हा फोडता येतात.

आधी मातीला वापसा आहे का ते बघा. मूठभर माती दाबली की गोळा व्हायला हवा आणि टिचकी मारली की तो फुटायला हवा. माती हाताला चिकटत असेल तर दोन दिवस थांबा. काम संध्याकाळी करा. गवती चहाची पानं निम्मी कापा. कोरफडीचा ताजा काप मात्र आधी दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्या. बाकी झाडांना लावल्यावर लगेच पाणी द्या आणि आठ-दहा दिवस सावली करा. बुडाशी पालापाचोळा किंवा सोयाबीनचं कुटार पसरा. सोयाबीनची काढणी याच दिवसांत होते, त्यामुळे कुटार सहज मिळतं. त्याने ओल टिकते आणि भेगा कमी पडतात.

थोडक्यात काय?

कोणतंही झाड फोडण्याआधी दोनच प्रश्न विचारा. ते आत्ता कळ्यांवर किंवा फुलांवर आहे का? आणि पुढचे चार-सहा आठवडे हवामान सौम्य राहणार आहे का? पहिल्याचं उत्तर 'नाही' आणि दुसऱ्याचं 'हो' असेल तरच खुरपं हातात घ्या.

शेवंतीसाठी आत्ता एकच काम आहे. फुलं उमलली की प्रत्येक ठोंबाला रंगाप्रमाणे दोरा बांधून ठेवा. फेब्रुवारीत फांद्या छाटल्यावर पांढरी कोणती आणि पिवळी कोणती, हे नुसत्या पिल्लांवरून ओळखता येत नाही. शेजारी कुणी पिवळी मागितली, तर पिवळीच देता येईल.