टेकडीच्या पोटातली सिमेंटची भट्टी

घराचा नवा स्लॅब पडला की गवंडी बजावून जातो, ‘पाणी मारायला विसरू नका!’ चार दिवस उत्साहाने पाणी मारले जाते. मग कंटाळा येतो. पण त्या पाण्याची वाट पाहणारा सिमेंटमधला एक घटक निसर्गात फार दुर्मीळ आहे. त्याचे खनिजरूप म्हणजे लार्नाइट.

उत्तर आयर्लंडमध्ये लार्न गावाजवळ स्कॉट हिल नावाची टेकडी आहे. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी तेथील पांढऱ्या चुनखडीत तप्त शिलारस घुसला. त्याला लागून असलेल्या पट्ट्यात चुनखडी अक्षरशः भाजून निघाली; चुना आणि सिलिका यांचे नवे संयुग झाले. केंब्रिजचे भूवैज्ञानिक सेसिल टिली यांनी १९२९ मध्ये हे खनिज जगापुढे आणले आणि गावाचेच नाव त्याला मिळाले.

सिमेंटच्या कारखान्यात आपण हेच करतो. चुनखडी आणि माती सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजली की त्यात ‘बेलाइट’ तयार होते. ते लार्नाइटचेच भावंड.

मग निसर्गात ते इतके विरळा का? एक तर इतकी आच क्वचितच लागते. आणि पाणी मिळाले की हे खनिज पालटून जाते. जो गुण त्याला डोंगरात टिकू देत नाही, तोच आपले घर टिकवतो! सिमेंटमधले दुसरे संयुग पहिल्या काही आठवड्यांत बळ देते. बेलाइट मात्र सावकाश, महिनोन्‌महिने. पाणी लवकर तोडले, तर त्याचे काम अर्धवट राहते.

म्हणून गवंड्याचे ऐका. कंटाळा आला, तरी बादली खाली ठेवू नका.